पुंजाजीभाऊ घर उघडतात

आमचे शेजारी पुंजाजीभाऊ कुठल्याही घरात पाण्याआधी ऊन ओतायचे. ओतायचे हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. चिंचेनं घासून लख्ख केलेली पितळी परात घेऊन ते अंगणात उभे राहायचे, परात जराशी तिरपी करायचे, आणि उन्हाचा भलामोठा गोळा दारातून आत सोडायचे. आत खाटेला टेकवून दुसरी परात ठेवलेली असे. पहिल्या परातीतलं ऊन दुसरीत, दुसरीतलं कोठीच्या मागच्या कोपऱ्यात. धाब्याच्या ज्या मातीच्या घरात बांधल्या दिवसापासून सूर्य शिरला नव्हता, तिथं ऊन नाचायला लागे आणि पाली-झुरळांची एकच धावपळ उडे. "आधी कोपऱ्याले सांगा लागते मास्तर, का आपन आलो," असं पुंजाजीभाऊ म्हणायचे. त्यानंतर मग पाणी.

घरं धुणं हा त्यांचा धंदा होता. शेती होती, ती त्यांनी धाकट्या भावाच्या गळ्यात घातली होती. त्या काळात गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ वऱ्हाडात वरचेवर हजेरी लावायची. उंदीर पडायला लागले की सगळं गाव शेतात जाऊन तट्ट्यांच्या झोपड्यांत राहायचं. साथीचे हुकूम नागपूरहून निघायचे, फिनेलची पिंपं घेऊन माणसं यायची आणि पिचकाऱ्या मारून जायची. साथ ओसरली की लोक परतायचे. पण ज्या घरात माणूस गेलं, त्या घराचं कुलूप काही निघायचं नाही. लोकांना फिनेलचा वासच मरणाचा वास वाटायचा. अशा घराची किल्ली शेवटी पुंजाजीभाऊंकडे यायची.

याची सुरुवात त्यांनी स्वतःच्याच घरापासून केली. त्यांची बायको साथीत गेली तेव्हा नातेवाईक समाचाराला आले आणि रस्त्यावर उभे राहूनच रडून गेले. उंबरा कोणी ओलांडला नाही. पुंजाजीभाऊंनी मग घर वरपासून खालपर्यंत धुतलं, चूल पेटवली, पिठलं-भाकर केली आणि लहानग्या लेकीला मांडीवर घेऊन ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असे जेवायला बसले. लोकांना ते निर्लज्जपणाचं वाटलं. पण काही दिवसांनी एक शेजारी दबकत आला आणि आमचंही तेवढं धुऊन देता का म्हणाला.

पुंजाजीभाऊंची आणि माझी भिंत एकच. मी चिखलीच्या मराठी शाळेत मास्तर, आणि मला सगळ्याची उत्सुकता फार. माझी बायको याला दुसरा शब्द वापरते, तो इथं लिहिण्याची गरज नाही. या स्वभावाच्या माणसाला पुंजाजीभाऊ शेजारी मिळाले हे नशीबच म्हणायचं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसायचो आणि त्यांचे प्रयोग पाहायचो.

साबणावर त्यांचा राग होता. त्यांचं सगळं काम लोणारच्या खारावर चाले. उन्हाळ्यात तिथल्या तळ्याचं पाणी मागं हटलं की काठावर पांढरी पापडी धरते. ती ते पोत्यांनी आणायचे, रिठ्याच्या पाण्यात भिजवायचे, आणि खार किती उतरला हे जिभेनं चाखून ठरवायचे. चाखल्यावर तोंड बराच वेळ वाकडंच राहायचं, त्यामुळे सकाळच्या वेळी ते कायम कोणावर तरी रागावलेले दिसत. जीभ नेहमीच खरं बोले असंही नाही. एकदा खार जास्त झाला आणि बाजारातल्या एका वाण्याच्या दाराचा हिरवागार रंग धुण्याबरोबर गटारात गेला. वाणी भांडायला आला तर हे म्हणाले, रंग म्हणजे तरी काय, हौसेनं लावलेला मळच. वाण्यानं ते वर्षभर मनात ठेवलं. माझा शाळेच्या तपासणीला घालायचा काळा कोटही त्यांनी असाच एकदा कळकळीनं धुऊन दिला. तो परत आला तेव्हा त्याला कुठलाच रंग म्हणता येत नव्हता.

पाण्याच्या बाबतीत तर ते फारच हळवे होते. दारं-खिडक्या धुतलेलं पाणी जमिनीला, जमिनीचं गोठ्याला, गोठ्याचं भोपळ्याच्या वेलाला. वेलाला पोचेपर्यंत ते पाणी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. खराटे झिजले की जाळायचे, त्यांची राख भांडी घासायला. माझी बायको मोरीबाहेर तांदळाचं धुवण फेकायला लागली की भिंतीवरून त्यांचं डोकं वर यायचं. "वैनी, फेकू नका, पान्याले अजून जीव हाय." एक दिवस ते जीव असलेलं पाणी थेट त्यांच्या अंगावर गेलं. चुकून गेलं, असं ती अजूनही म्हणते.

धंदा वाढवावा म्हणून त्यांनी एकदा बाजाराच्या दिवशी दवंडी पिटवली. कोतवालाला नीट पढवलं होतं, की पुंजाजी घर धुऊन देतात. कोतवालानं दोन हाका बरोबर मारल्या आणि पुढं सवयीनं ठोकून दिलं की पुंजाजी घर धुऊन नेतात. आता घर धुऊन नेणारे लोक आमच्याकडे अगदीच अपरिचित नव्हते, ते दवंडी देऊन येत नसत एवढाच फरक. सावकारानं त्याच दुपारी दाराला दुसरं कुलूप घातलं. पाटलांनी पुंजाजीभाऊंना चावडीवर बोलावून विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, नेतो ना, मळ नेतो, तुमच्या घरचाबी नेईन. पाटलांकडचं काम मात्र त्यांना कधी मिळालं नाही.

मला खरी उत्सुकता होती ती धुण्यानंतरच्या कामाची. घर धुऊन, कडुलिंबाचा धूर देऊन, सारवून झालं की पुंजाजीभाऊ त्या घरात एकटेच राहायला जायचे. मग आतून माणसांचे आवाज येऊ लागायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. आत म्हणे कोणी सखू होती, तिला चूल पेटली का असं विचारलं जात होतं. बाळ्या नावाच्या पोराला, गुरं सोड बे, असा दम मिळत होता. भांडी आदळत होती. मी खिडकीच्या फटीला डोळा लावला, तर आत पुंजाजीभाऊ एकटे. घरधन्याकडून घरातल्या जित्या माणसांची नावं विचारून घेतलेली, आणि त्या नावांनी संसार चाललेला. पुढं तर ते जात्यावर बसले आणि आपल्या घोगऱ्या आवाजात बायकांच्या ओव्या म्हणायला लागले. त्या मिशाळ माणसाला भाऊ न्यायला यावा असं वाटत होतं, सासूचा जाच सोसवत नव्हता, आणि हिरव्या चोळीची आस लागली होती. मी तोंडात उपरणं कोंबून तिथून पळालो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना याचं कारण विचारलं. ते म्हणाले, "धुतलेलं घर बहिरं होते मास्तर. त्याले आवाजाची सवय लावा लागते." मला ते शुद्ध खूळ वाटलं. पण नंतर मी पाहिलं, की रस्त्यानं जाणाऱ्या बाया त्या घराजवळ जरा थांबत, ऐकत, हसत, आणि पदर सावरून पुढं जात. आधी त्याच बाया ते घर आलं की रस्त्याची बाजू बदलत असत.

सगळ्यात शेवटी जेवण. ओसरीवर ताट घेऊन, मागचं दार सताड उघडं टाकून, पुंजाजीभाऊ त्या घराच्या चुलीवर केलेलं पिठलं आणि ठेचा खायचे. सावकाश, बघणाऱ्याला घास मोजता यावेत असे. मग मोठा ढेकर द्यायचे. पुंजाजी जेवला म्हणजे घर उघडलं, असं आसपासच्या गावांत लोक बोलायचे, आणि खरंच त्याच संध्याकाळी घरधनी सामान घेऊन परत यायचा.

घर उघडलं की घरचे लोक आत जात आणि पुंजाजीभाऊ बाहेर येत. त्यांना पुन्हा त्या घरी कोणी बोलावत नसे. मेलेल्यांच्या घरात झोपणारा माणूस; कामाला पाहिजे, पण शुभकार्याला नको. लग्नाच्या पंगतीत त्यांचं पान अगदी टोकाला. यावर त्यांचं म्हणणं असं, की टोकाला बसावं, वाढपी तिथं पोचतो तेव्हा उरलेलं सगळं वाढून मोकळा होतो. हे सांगताना ते हसायचे. मला त्यांचं ते हसणं फारसं पटत नसे.

त्यांची एकुलती एक लेक वेणू धाड या गावी दिलेली. आईविना बापानंच वाढवली. तिला दिवस राहिले तेव्हा या माणसाला आनंदानं काय करू नि काय नको झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून त्यांनी आपल्या घरातली उजेडाची खोली धुऊन, पुन्हा धुऊन तयार केली. जुनी लुगडी खारात उकळून दुपटी केली. गावच्या सुईणीला बोलावून कोपरापर्यंत हात धुवायला लावले, तेही पोरीला यायला महिने असताना. सुईण जी रागावून गेली ती मी जाऊन समजूत काढेपर्यंत परत आली नाही.

मग वेणूला आणायला आम्ही दोघं बैलांची दमणी जुंपून धाडला गेलो. चार माणसांत बोलायला सोबत कोणी असावं म्हणून मी. त्यांचे व्याही दगडूजी मोठे शेतकरी, माणूस वाईट नव्हे. पाहुणचाराचं सगळं बोलले आणि मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "इवाई, राग नका मानू. पन तुमच्या अंगावरून किती घरचं मरन येते-जाते. तिथं लेकराले कसं धाडावं?" पुंजाजीभाऊंनी उठून बैल जुंपले. वेणू दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या तेवढ्या ऐकू आल्या. परत येताना ते बुलढाणा येईपर्यंत नुसते बैल हाकत होते. नंतर म्हणाले, "खोली तं तयार हाय." त्या दिवसानंतरही ती रिकामी खोली ते रोज पुसायचे. भिंत एक असल्यामुळे मला ते ऐकू यायचं, आणि ऐकून वाईट वाटायचं.

माघाच्या सुमारास धाडला उंदीर पडले. गाव बाहेर निघण्याआधीच दगडूजींची म्हातारी आई घरातच वारली. साथ लवकर आटोपली, लोक हळूहळू परतले, पण दगडूजींचं घर बंदच. वेणू दिवस भरत आलेली आणि शेतातल्या झोपडीत, थंडीवाऱ्यात. दगडूजींनी घरात बाळंतपण करू म्हटलं तर त्यांची बायको आत पाऊल टाकेना. शेवटी निरोप आला की इवाईंनी येऊन घर धुऊन द्यावं.

हा निरोप ऐकून पुंजाजीभाऊ काहीतरी तिरकस बोलतील अशी माझी अपेक्षा होती. ते खाराची पोती उचलून दमणीत टाकायला लागले. आमच्याकडची शाळा साथीच्या हुकुमानं अजून बंदच होती, मीही चढून बसलो.

त्या घरावर त्यांनी जे काम केलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. गावातल्या सगळ्या पराती मागून आणल्या आणि उन्हाची अशी रांग लावली, की म्हातारी जिथं गेली त्या आतल्या खोलीत सुई पडली तरी दिसावी. खार चाखताना थांबून पुन्हा चाखला. कडुलिंबाच्या धुरानं गल्लीतली गुरंढोरं शिंकायला लागली. आतला संसार सुरू झाला तेव्हा मी भिंतीला कान लावून बसलो. दगडूजींना हाक आली, विहीणबाईंना आली, जावयाला आली. वेणूचं नाव काही आलं नाही. जात्यावरच्या ओव्याही त्या वेळी त्यांनी म्हटल्या नाहीत.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून लोक जमले. चुलीचा धूर वर आला, भाकरीचा वास सुटला. पुंजाजीभाऊ बाहेर आले, हात जोडून म्हणाले, घर साफ झालं, आता या. आणि ओसरीच्या पायरीखाली उतरून उभे राहिले. ताट कुठंच दिसेना.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. माझ्याही तेव्हाच लक्षात आलं, की इतके दिवस ते मारुतीच्या पारावर तीन दगड मांडून आपली भाकर भाजत होते आणि पाणीसुद्धा नदीवरून आणत होते. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी अन्नपाणी घेत नाही. घेतलं तर पोटातल्या जिवाला बाधतं म्हणतात. पुंजाजीभाऊंचा तसा सोवळ्या-ओवळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. न धुता धुतलं म्हणायची ती सोय आहे, असं ते मला नेहमी ऐकवायचे. मी त्यांना बाजूला घेऊन त्यांच्याच या बोलण्याची आठवण करून दिली.

ते म्हणाले, "मी कोपऱ्याशी भांडतो मास्तर. पोरीच्या पोटाशी नाई भांडत."

पण लोकांना हे सगळं कसं कळावं? हा माणूस प्रत्येक घरी जेवतो, इथं मात्र जेवत नाही, म्हणजे आत काहीतरी राहिलंय, अशी कुजबुज सुरू झाली. रीत माहीत असलेले म्हातारेही माना हलवायला लागले. दगडूजी कळवळून म्हणाले, "इवाई, मीबी लेकीचा बाप हाय, मले समजते. पन हिले कसं समजावू?" त्यांची बायको रस्त्यावर पदर तोंडाशी धरून उभी होती आणि जागची हलत नव्हती.

मग तोडगे निघाले. एक जण म्हणाला, गोठ्यात जेवावं, गोठा म्हणजे काही घर नव्हे. दुसरा म्हणाला, मग घर साफ झालं हे कसं कळणार, गोठाच साफ झाला असं होईल. कोणी सुचवलं, एक पाय रस्त्यावर ठेवून एक घास खावा. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, मास्तरला जेवू घाला. माझी भूक तत्काळ मेली. सुदैवानं एका म्हाताऱ्यानं मला वाचवलं. मास्तर लोक कुठंबी जेवतात, त्यांचं काय खरं, असं तो म्हणाला.

पुंजाजीभाऊ मात्र कोणाचंच ऐकत नव्हते. त्यांचा चेहरा असा पडला होता, की मला त्यांच्याकडे बघवेना. जेवावं तर लेकीच्या पोटाला धोका, न जेवावं तर लेक झोपडीत बाळंत होणार. आपली जन्माची अक्कल खर्चून धुतलेलं घर समोर उघडं होतं आणि त्यांच्याच उपासामुळे ते बंद पडत होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. वेणू शेताकडून चालत आली होती. एवढ्या दिवसांची अवघडलेली पोर, पायांवर धूळ, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. कोणीतरी जाऊन तिला इथला तिढा सांगितला असावा. ती सासऱ्यांच्या समोरून खाली मान घालून गेली, पायरी चढली, उंबऱ्यात हात टेकून जरा दम घेतला आणि आत गेली. सासू नुसतं, अवं वेणू, एवढंच म्हणाली.

आतून तिचा आवाज आला. "बाबा, मले भूक लागली."

पुंजाजीभाऊ जागेवरच खिळले होते. मी त्यांना अक्षरशः ढकललं. ते आत गेले. दार उघडं होतं, त्यामुळे रस्त्यावरच्या बायांना चुलीपुढं बसलेली वेणू दिसत होती आणि त्यांच्यामागून मलाही. त्यांनी तिच्यापुढं ताट ठेवलं. पिठलं, ज्वारीची भाकर, वर कच्च्या तेलाची धार. ती खाली मान घालून जेवत होती. पुंजाजीभाऊ शेजारी उकिडवे बसून नुसते तिच्या हाताकडे बघत होते. थोड्या वेळानं तिनं ताट जरासं पुढं सरकवलं आणि काहीतरी म्हणाली. ते ऐकू आलं नाही, पण पुंजाजीभाऊ घाईनं उठले, भाकरीच्या टोपल्याला अडखळले, आणि वाढायला लागले.

मग सासू आत गेली. वेणूच्या पाठीवर हात ठेवून ती तिथंच खाली बसली आणि सासूबाईंची, त्या गेलेल्या म्हातारीची, आठवण काढून रडली. तिच्यामागून बाकीच्या बाया शिरल्या. घर उघडलं.

शेतातलं सामान यायला दोन-चार दिवस लागणार होते. तेवढे दिवस वेणूनं घरातच थांबावं आणि इवाईंनीच तिला करून घालावं, असं त्या सासूनंच ठरवलं. ते दिवस मी मारुतीच्या पारावर काढले. पुंजाजीभाऊ लेकीला जेवू घालून पारावर यायचे, आपली वेगळी भाकर भाजायचे आणि उद्या काय करायचं याचा माझ्याशी खल करायचे. खाराचं, परातींचं, पाण्याच्या जिवाचं नावही नाही. मेथी की चवळी, दूध की ताक, एवढंच चालायचं.

परत निघालो तेव्हा वेणू ओसरीपर्यंत आली होती. दमणी गावाबाहेर पडली तरी पुंजाजीभाऊ मागं वळून बघत नव्हते. मला राहवेना. त्या दिवशी चुलीपाशी ताट सरकवून ती काय म्हणाली, हे मी शेवटी विचारलंच. माझ्या बायकोचा तो शब्द मला तिथं अगदी लागू होता.

पुंजाजीभाऊंनी बैलांना उगाचच हाकारलं. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "अजून वाढा म्हने. सासरी कोनती पोरगी मागून खाते हो मास्तर?"